गोठ्याचे दुखणे मातीत
गाय वेळेवर माजावर येत नाही, भरवली तर उलटते. मग दोष रेतनाला, नाहीतर नशिबाला. मूळ मात्र चाऱ्यातल्या खनिजांच्या उणिवेत, म्हणजे मातीत असू शकते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असूनही पिकाला पुरेसे मिळत नाही. तीच उणीव कडब्यातून दावणीपर्यंत पोचते. उसाच्या वाढ्यांतले ऑक्झॅलेट तर पोटातले कॅल्शियमही अडवून धरते. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली आली. तिच्यात जस्त, तांबे, लोह, मँगनीज, बोरॉन सगळे तपासले जाते. पण पत्रिका कृषी खात्याची आणि गाय पशुसंवर्धनाची! राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने चाऱ्याच्या तपासणीवरून प्रदेशनिहाय खनिज मिश्रणे सुचवली आहेत. दूध संघांनी सरसकट एकच पुडी वाटणे थांबवून आपल्या भागाचे मिश्रण द्यावे. पशुवैद्यकांनीही उपचाराआधी ती पत्रिका मागावी.