तुंगार्लीतली नाइट शिफ्ट

लोणावळा म्हटलं की तुमच्या-माझ्या डोक्यात काय येतं? भुशी डॅम, भाजलेलं कणीस, चिक्की आणि एक्स्प्रेस-वेवरचा जाम. सगळं पावसाळी आणि सगळं गर्दीतलं. पण घुबडं बघायची असतील तर पावसाळा चक्क सोडून द्या. धुकं, धो-धो पाऊस आणि बेडकांचा ऑर्केस्ट्रा, यात घुबड दिसणं राहिलं बाजूला, ऐकूही येत नाही.

हो, घुबडंच. नाक मुरडू नका.

त्यांचा खरा सीझन नोव्हेंबर ते मार्च. आपल्याकडच्या बहुतेक घुबडांची जोड्या जमवायची आणि अंडी घालायची वेळ हीच, त्यामुळे हद्द सांगायला ती भरपूर बोलतात. हवा कोरडी असल्याने आवाज लांबवर जातो. फेब्रुवारीनंतर पानगळ झाली की दिवसा झोपलेली मंडळीही फांद्यांमधून सापडतात. मला स्वतःला जानेवारी आवडतो. सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास आणि पहाटे उजाडण्याआधीचा अर्धा तास, बस. रात्रभर भटकायची गरज नाही.

तुंगार्लीच का? कारण इथे थोड्या चालण्यात सगळं मिळतं. स्टेशनच्या उत्तरेला, हायवेपलीकडे बंगल्यांच्या गल्ल्या, वर धरणाचं पाणी आणि पुढे राजमाचीकडे जाणारी जंगलाची वाट. जुन्या झाडांच्या ढोलीत पिंगळा असतो. मुठीएवढा, पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि भांडण उकरून काढल्यासारखा किर्र किर्र करणारा. अंगावर ठिपक्यांऐवजी आडव्या पट्ट्या दिसल्या तर तो जंगली पिंगळा, आणि हा भर दुपारीही ओरडतो. पडक्या इमारतीत गव्हाणी घुबड, बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा. कड्यांच्या बाजूने ‘बु-बोऽऽ’ असा खोल हुंकार आला तर ते शृंगी घुबड. हा हुंकार पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मोबाइल सायलेंटवर टाकला आणि दहा मिनिटं जागची हलले नाही. ऑफिसात एवढा वेळ गप्प बसल्याचं मला तरी आठवत नाही.

घुबडाबद्दल आपल्याकडे आजी लोकांचा एक किस्सा ठरलेला. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून पाण्यात झिजवतं आणि मारणारा माणूसही तसाच झिजत जातो. अंधश्रद्धा आहे, पण मला ती आवडते, कारण तिने किती दगड थांबवले असतील! उलट लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीच्या तोंडावर जादूटोण्यासाठी घुबडं पकडली-विकली जातात, ती श्रद्धा मात्र थेट जिवावर उठते. ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या भारतातल्या शाखेने २०१० मध्ये या व्यापारावर अख्खा अहवाल काढला होता. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) हा सरळ गुन्हा आहे. आणि आता गावंही बदलताहेत. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात ‘इला फाउंडेशन’ने २०१८ मध्ये चक्क उलूक उत्सव सुरू केला. शेतकऱ्याला पटायला वेळ लागत नाही, कारण उंदीर फस्त करणारा फुकटातला नोकर कोणाला नको असतो?

एक गोष्ट तर सिनेमासारखी आहे. रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसलाच नव्हता. नामशेष झाला असंच धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळ सापडला, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रात. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यातही दिसला. तुंगार्लीत तो भेटेल असं मी म्हणत नाही, पण आवाज कान देऊन ऐकायला हे कारण पुरेसं आहे.

तुंगार्लीच्या घुबडांचा प्रॉब्लेम वेगळाच. नवीन व्हिला बांधताना आधी जातं ते जुनं, पोकळ झाड, म्हणजे त्यांचं घर. मग येतात रात्रभर जळणारे फ्लडलाइट, स्विमिंग पूलशेजारचे स्पीकर आणि उंदरांचं औषध. विषाने मंदावलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि ते विष पुढे त्याच्याही पोटात जातं. वीकेण्डला बंगला आपणच बुक करतो ना? मग बुक करताना मालकाला एवढं विचारा, रात्री दिवे बंद ठेवता येतील का? मी विचारते. बहुतेक जण आधी हसतात, मग ‘चालेल’ म्हणतात.

जाताना दुर्बीण घ्या, गडद कपडे घाला. टॉर्च जमिनीकडे धरा, डोळ्यांवर मारू नका. फ्लॅश तर नाहीच. मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावू नका, बिचारा शत्रू आला समजून पिल्लं सोडून धावतो. घरट्याचा फोटो लोकेशनसकट टाकणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं. अंधारात धरणाच्या काठावर आणि कड्यालगत फिरू नका. एकटीने-एकट्याने तर नकोच, गावातलं कोणीतरी माहीतगार सोबत घ्या.

पुण्याहून लोकलने सव्वा-दीड तास. परतीची गाडी आधी बघून ठेवा. आणि काहीच दिसलं नाही, तर रात्री घरी पोचल्यावर सोसायटीच्या गेटपाशी थांबून बघा. रस्त्याच्या दिव्याखाली किडे टिपायला पिंगळा बऱ्याचदा तिथेच, वायरीवर बसलेला असतो.