जयणा आणि पाऊण वाटी डाळ



चातुर्मास लागला की आपल्या घरांतील स्वयंपाकघराची रीतच पालटते. पालेभाजीवाला दारावरून आल्या पावली परत जातो. बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी, चतुर्दशी या तिथींभोवती दिनदर्शिकेवर लाल शाईची वर्तुळे पडतात, आणि दुकानातून घरी येणारा फोन ‘आज तिथी आहे ना?’ या प्रश्नाने सुरू होतो. या काळात आपण काय खात नाही, हे घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. आपण काय खातो, किती खातो आणि खाताना आपले चित्त कोठे असते, याविषयी मात्र फारसे बोलणे होत नाही. या महिन्याचे हे पान त्यासाठी योजिले आहे.

अलीकडे ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वारंवार कानी पडतो. त्याची शिबिरे भरतात, लोक शुल्क भरून जातात, आणि जाणाऱ्यांना लाभ होत असणार याविषयी मला शंका नाही. आपल्याकडे मात्र यासाठी एक जुना, घरगुती शब्द आहे : जयणा. संस्कृतात त्यालाच यतना म्हणतात. दशवैकालिक सूत्र आचार्य शय्यंभवांनी आपल्या अल्पायुषी पुत्रासाठी, मनक मुनींसाठी रचले असे परंपरा सांगते. त्यात कसे चालावे, कसे उभे राहावे, कसे बसावे, कसे निजावे, कसे जेवावे आणि कसे बोलावे असे प्रश्न येतात. सर्वांचे उत्तर एकच, जयणेने. जेवणाचा प्रश्न तेथे चालण्या-बोलण्याच्या रांगेत येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जेवण ही काही वेगळी, सणासुदीची क्रिया नव्हे. पाऊल टाकताना जेवढे लक्ष असावे तेवढेच घास घेताना असावे.

आपल्या आया-आज्यांच्या हाती ही जयणा मुरलेली होती. पाणी दुहेरी गाळण्यातून गाळायचे, धान्य उन्हाच्या बाजूला बसून निवडायचे, पीठ चाळायचे, पावसाळ्यात ते थोडे थोडेच दळून आणायचे, शेंग सोलताना आत डोकावून पाहायचे. हे सारे जीवदयेसाठी होते. पण त्यायोगे प्रत्येक दाणा डोळ्यांखालून आणि बोटांखालून जात असे. दाण्यावर एवढे लक्ष देणारी व्यक्ती ताटात काय पडते आहे हे न पाहता कशी वाढील? आज निवडलेले धान्य आणि चाळलेले पीठ पिशवीतून येते. सोय झाली, याची तक्रार मी करणार नाही. लक्ष मात्र त्या पिशवीबरोबर घराबाहेर गेले.

माझे एक व्यापारी स्नेही आहेत. जन्मात कांदा-बटाटा खाल्लेला नाही, रात्रिभोजन नाही, दोन अठ्ठाया झालेल्या. गेल्या वर्षी तपासणीत मधुमेह निघाला. अहवाल माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “साहेब, सगळे नियम पाळले. मग ही नोंद माझ्या खात्यावर आली कशी?” प्रश्नात थोडा राग होता, थोडे दुःख होते, आणि धर्माने आपल्याला फसवले की काय अशी एक अस्फुट शंकाही होती. ती शंका मला साखरेपेक्षा गंभीर वाटली.

मधुमेहाला अनेक कारणे असतात. घराण्याचा वारसा असतो, बैठे काम असते. ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज आहे. तेव्हा एकट्या आपल्या समाजाला दोष देण्यात अर्थ नाही. तरीही वर्ज्य पदार्थांची यादी पाळणे आणि हितकर आहार घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे स्पष्ट म्हणावे लागेल. हिरवी भाजी ताटातून जाते त्या दिवशी तिच्या जागी काय येते ते पाहावे. शेवेची भाजी, गट्टे, पापड, फरसाण, वर गोड शिरा. यादीप्रमाणे सर्व निर्दोष. यादीत तेलाचे, मिठाचे आणि साखरेचे माप लिहिलेले नसते.

आणि गंमत अशी की आपल्या परंपरेत ते माप आहे. तत्त्वार्थसूत्रातील सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते. दिगंबर परंपरेत तिलाच अवमौदर्य म्हणतात. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास असे मान सांगून त्याहून एक घास जरी कमी घेतला तरी ते तप ठरते, अशी त्यात उदारता आहे. पुढे रसपरित्याग आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतील सातव्याचे नावच उपभोग-परिभोग परिमाण. परिमाण म्हणजे मोजमाप. रोजच्या चौदा नियमांत आज किती द्रव्ये, म्हणजे किती पदार्थ, खाईन याची मर्यादा सकाळीच धरायची असते. उपवासाची पत्रिका निघते, वरघोडा निघतो, पारणे होते. ऊनोदरीचे पारणे कोणी करीत नाही, म्हणून ती मागे पडली असावी.

स्नेह्यांना मी उपदेश केला नाही. तो अधिकार महाराजसाहेबांचा आणि औषधाचा अधिकार डॉक्टरांचा. मी त्यांना माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली. संगणक येण्यापूर्वी लेजर हाताने लिहिली जात आणि सहामाहीला ताळा जुळेपर्यंत शाखेतून कोणी हलत नसे. फरक आला की नवखा कारकून पहिल्यापासून सगळी बेरीज पुन्हा करू लागे आणि मध्यरात्रीपर्यंत हताश होई. जुना हेडक्लार्क आधी फरकाची रक्कम पाहत असे. तिला ९ ने भाग जातो का? जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव. १,२८० चे १,८२० लिहिले की फरक ५४० येतो. सम संख्या असेल तर तिची निम्मी रक्कम शोधावी, नोंद उलट्या बाजूस गेलेली असू शकते. फरकाबद्दल हळहळून तो सापडत नाही, नोंदीजवळ जावे लागते.

सायंकाळचे देवसी प्रतिक्रमण हे मला असेच नोंदीजवळ जाणे वाटते. सूत्रे तोंडपाठ असल्याने ती जिभेवरून वाहून जातात आणि शेवटी सगळ्याचे मिळून एक ‘मिच्छामि दुक्कडं’ होते. सातव्या व्रताच्या अतिचारांशी क्षणभर थांबून आज तोंडात काय गेले, भूक होती म्हणून गेले की समोर होते म्हणून, एवढे मनाशी पाहिले तर? ज्यांच्याकडे रोज प्रतिक्रमण होत नाही त्यांनी सामायिकाच्या ४८ मिनिटांनंतर पाच मिनिटे घ्यावीत. शिक्षा करण्यासाठी नव्हे, फक्त पाहण्यासाठी.

स्नेह्यांनी पंधरा दिवस हे केले आणि व्यापारी माणूस असल्याने वहीत लिहिलेही. जेवणात फारसे काही सापडले नाही. सापडला तो दुकानातला चहा. येणाऱ्या प्रत्येक बड्या ग्राहकाबरोबर एक, असे दिवसाला सहा कप. कपाला दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने साधारण प्रौढासाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा जवळजवळ एवढीच सांगितली आहे, आणि २५ ग्रॅमवर आणल्यास अधिक चांगले असेही म्हटले आहे. मधुमेह नसलेल्याचीही मर्यादा चहातच संपत होती. “त्यातला एकही कप मला हवा म्हणून घेतला नव्हता,” असे ते म्हणाले.

दुसरी नोंद वहिनींनी दाखवली. त्या सहसा आमच्या बोलण्यात पडत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, “भाऊजी, यांचं ताट तुम्ही बघितलंत. माझं कोणी बघत नाही. उष्टं टाकायचं नाही आणि बासी ठेवायचं नाही. मग पातेल्यात उरलेलं कोण संपवतं?”

याला उत्तर नव्हते. अन्न रात्र ओलांडू नये आणि वायाही जाऊ नये, हे दोन्ही नियम योग्य आहेत. पण स्वयंपाक अंदाजाने, ‘कमी पडायला नको’ म्हणून केला तर त्या दोन नियमांच्या मधल्या जागेत घरातील स्त्री सापडते. ताट धुऊन पिणारा पुरुष स्वतःस निर्दोष समजून उठतो, आणि सूर्यास्ताला दहा मिनिटे असताना ती उभ्याउभ्या उरलेले दोन चमचे भात, अर्धी पोळी, वाटीभर आमटी संपवते. तिची ऊनोदरी कोणाच्या हिशोबी? म्हणून जयणा ताटापाशी नव्हे, डाळीच्या डब्यापाशी सुरू व्हायला हवी. वहिनींनी सव्वा वाटीची पाऊण वाटी डाळ केली. पहिले आठ दिवस चिरंजीवांनी कुरकुर केली, मग त्यांना विसर पडला. कोण जेवायला आहे आणि कोण नाही हे दुपारी चारपर्यंत घरी कळवायचे, असा नियम पुरुषमंडळींवर आला. माझ्या मते हा त्या घरात झालेला सर्वांत मोठा धर्मसुधार होय.

स्नेह्यांची साखर सामान्य झाली असे मी लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर समाधानी आहेत, एवढे खरे.

दुकानदारांची खरी अडचण चौविहाराची. आषाढात सूर्यास्त सव्वासातच्या आसपास होतो, भाद्रपदात त्याहून लवकर, आणि तीच गिऱ्हाइकाची वेळ. डबा गादीवर उघडला जातो, एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने फोन. नियम पाळला जातो, जेवण मात्र होत नाही. पंधरा मिनिटे गल्ल्यावर भावाला किंवा मुलाला बसवून आतल्या खोलीत जेवावे. दोघे भागीदार असतील तर आलटून पालटून. पंधरा मिनिटांत बाजार उठत नाही, हे मी बँकेच्या काउंटरच्या अलीकडून पुष्कळ वर्षे पाहिले आहे.

आता थोडे सावधगिरीचे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास, एकासणे अथवा आयंबिल करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. औषध तेवढेच आणि अन्न बंद, यात साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. दुसरे, ‘बी-१२’ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही. आपल्याला ते दूध-दह्यातून काही प्रमाणात मिळते. अहिंसेच्या विचाराने दूधही सोडणारे तरुण आता आपल्या घरांत दिसतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, पण त्यांनी, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही, रक्ततपासणी करून घ्यावी.

चव कमी होईल अशी भीती वाटणाऱ्यांनी आश्विनातील ओळीत एक तरी आयंबिल करून पाहावे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहा विगयी गेल्या की ज्वारीला स्वतःची गोडी असते हे जिभेला प्रथमच कळते. (हल्ली आयंबिलातही पदार्थांची संख्या वाढत चालली आहे, तो विषय पुन्हा केव्हातरी.)

वाचक भगिनी नेहमी विचारतात की नुसते विचार नकोत, करायचे काय ते सांगा. माझी बदली खानदेशात होती तेव्हा तेथे फुणके खाल्ले. तिथीला चालतील असे ते आमच्या घरी पुढीलप्रमाणे होतात. अर्धी वाटी तूरडाळ आणि पाव वाटी हरभराडाळ निवडून, धुऊन सकाळी तीन-चार तास भिजवावी. पाणी पूर्ण निथळून जाडसर वाटावी. पाणी घातले तर फुणका बसतो. हिरवी मिरची आणि आले नको असल्याने भरडलेले काळे मिरे आणि चिमूटभर सुंठ घालावी. शिवाय जिरे, हिंग, हळद, एक चमचा तीळ आणि बेताचे मीठ. मुठीने दाबून लांबट मुटके करावेत आणि चाळणीवर ठेवून पंधरा ते वीस मिनिटे वाफवावेत. सुरी टोचून कोरडी निघाली की झाले.

खानदेशात याबरोबर कढी असते. आपल्याकडे कच्च्या दह्याबरोबर डाळ द्विदल होते, म्हणून कढी करायचीच तर दही-ताक आधी पूर्ण तापवून मग त्यात बेसन कालवावे. त्यापेक्षा आमसुलाचे सार सोपे : सहा-सात आमसुले कोमट पाण्यात भिजवून कोळावीत, धने-जिऱ्याची पूड, मीठ आणि चवीपुरता गूळ घालून एक उकळी आणावी. फोडणीला एक चमचा तेल पुरते. बरोबर ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, पन्नाशीपुढच्या भगिनींनी हे ध्यानी ठेवावे. पाऊण वाटी डाळीचे साधारण आठ-नऊ फुणके होतात. तिघांना तेवढे पुरतात, आणि पातेल्यात काही उरत नाही.