शेखच्या सनदेवर सही कोणाची?

‘द लंचबॉक्स’ ही प्रेमकथा आहे, असे सगळे म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. निदान ती केवळ प्रेमकथा आहे, हे तर मुळीच मान्य नाही.

रितेश बत्रा यांचा हा चित्रपट २०१३ साली आला. मोठे सेट नाहीत, नाचगाणी नाहीत. आपल्याकडच्या एनएफडीसीने आणि फ्रान्स-जर्मनीतल्या निर्मात्यांनी मिळून पैसा उभा केला. कान महोत्सवाच्या ‘क्रिटिक्स वीक’मध्ये प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. ऑस्करला तो न पाठवता ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट पाठवला, म्हणून वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. डबेवाल्यांच्या अचूकपणावर चर्चा झाल्या. इलाच्या चिठ्ठ्यांवर हळवे लेख आले. पण त्याच चित्रपटात एक सरकारी टेबल आहे, त्या टेबलाच्या एका बाजूला निवृत्तीला महिना उरलेला कारकून आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचे काम शिकायला आलेला तरुण आहे. या दुसऱ्या कथेवर कोणी चार ओळी धड लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्यांनी लिहिले त्यांनी नवाजुद्दीन सिद्दीकींच्या शेखला ‘गमतीदार सहकारी’ म्हणून बाजूला ठेवले.

त्यात गमतीदार काय आहे, हे आम्हाला कळलेले नाही.

साजन फर्नांडिस हा क्लेम विभागात पस्तीस वर्षे घासलेला माणूस. इरफान खान यांनी तो केला. हा विधुर माणूस कोणाशी बोलत नाही. त्याच्या जागी येणार आहे शेख. साहेबांनी सांगितले आहे की याला तयार कर. शेख रोज हसतमुखाने समोर उभा राहतो आणि फर्नांडिस रोज त्याला टाळतो. उद्या ये, नंतर ये, पावणेपाचला ये. शेख जेवणाच्या सुट्टीत फळे खातो. तो अनाथ आहे. जे काही येते ते स्वतःच शिकलेला आहे, सौदीत नोकरी करून आलेला आहे. लोकलमध्ये बसून ऑफिसच्या फायलीवर भाजी चिरतो, कारण घरी पोचून स्वयंपाक करायचा आहे. प्रेक्षक इथे हसतात. ज्याच्या घरी रात्री कामावरून येणाऱ्या माणसालाच चूल पेटवावी लागते, तो हसत नाही.

हळूहळू फर्नांडिस डब्यातली भाजी शेखला देऊ लागतो, मग काम देऊ लागतो. शेखच्या हातून हिशेबात चुका होतात. साहेब विचारतात, तेव्हा पस्तीस वर्षांत एक चूक न केलेला माणूस त्या चुका स्वतःच्या अंगावर घेतो. पुढे शेखच्या लग्नात मुलाकडून उभे राहायला कोणीच नसते, तिथेही फर्नांडिसच उभा राहतो. आमच्या भाषेत सांगायचे तर उस्तादाने शागिर्दाची जामिनकी घेतली. चित्रपटातली सर्वांत मोठी घटना आमच्या मते हीच आहे. चिठ्ठ्या त्यानंतर.

आता त्या आगगाडीच्या वाक्याकडे येऊ. चुकीच्या गाडीबद्दलचे ते वाक्य पुढे सगळ्यांच्या तोंडी झाले. पण ते वाक्य मुळात शेखचे आहे, आणि तो ते ‘माझी आई म्हणते’ असे सांगून म्हणतो. फर्नांडिस विचारतो, तू तर अनाथ ना? शेख सांगतो की आईचे नाव घेतले की बोलण्याला वजन येते. प्रेक्षागृहात इथेही हशा पिकतो. आम्ही मात्र इथे थांबलो. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याला साधे वाक्य बोलायलाही जामीन लागतो! वाक्याला आई लागते, तर कामाला काय लागत असेल? सनद लागते, कोणाची तरी सही लागते. ती ज्याच्याकडे नाही त्याने गोड हसत, ‘सर, सर’ करत दारात उभे राहायचे. लोक त्याला लाचारी म्हणतात. आम्ही त्याला बिनसनदी माणसाचे व्यवहारज्ञान म्हणतो.

आमच्याच काही मित्रांची तक्रार वेगळी आहे. ते म्हणतात, पडद्यावर पुन्हा एकदा मुसलमान दाखवला तो खुशमस्कऱ्या, चिकट, थोडा हास्यास्पद. या तक्रारीत तथ्य नाही. त्या संपूर्ण कार्यालयात ‘मला शिकवा’ म्हणणारा एकच माणूस आहे आणि तो शेख आहे. शिकण्याची भूक दाखवणे ही बदनामी असेल तर अशी बदनामी आम्हाला रोज हवी. शिवाय शिकवणारा ख्रिस्ती आहे, शिकणारा मुसलमान. एका टेबलाशी दोन अल्पसंख्य बसले आहेत आणि कोणी त्यावर भाषण करत नाही. बिरादरी आड येत नाही, बिरादरी मदतीलाही येत नाही. आमच्या जलशांमधून ऐकलेल्या किती भाषणांपेक्षा हे अधिक शहाणपणाचे आहे!

मात्र चित्रपटाशी आमचे भांडण आहे, आणि ते मुद्द्याचे आहे. शेखचे शिकणे सर्वस्वी फर्नांडिसच्या मर्जीवर अवलंबून आहे. त्याचे मन पाझरते ते एका अनोळखी बाईच्या स्वयंपाकाने. समजा, डबा चुकून त्याच्याकडे आलाच नसता तर? शेख महिनाभर पावणेपाचची वाट पाहत बसला असता आणि फर्नांडिस पस्तीस वर्षांचे ज्ञान पिशवीत घालून नाशिकला गेला असता. एका तरुणाच्या आयुष्याची भाकर दुसऱ्याच्या डब्यातल्या योगायोगावर ठरावी, हे सिनेमात गोड दिसते. समाजात ते अन्यायाचे असते. दिग्दर्शक या गोडव्यावर थांबला. आम्ही शिक्षक आहोत, आम्हाला थांबता येत नाही.

आम्ही वर्धा जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इथल्या शेखांचे टेबल सरकारी नसते. ते गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, पंक्चरच्या टपरीवर, जिनिंगच्या फाटकाशी असते. आठवीनंतर वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. चौकशी केली की उत्तर मिळते, ‘पोट्टा कामाले लागला.’ तिथे त्याला फर्नांडिस भेटेल की पाना फेकून मारणारा मालक, हे त्याच्या नशिबावर. पाच-सहा वर्षांनी त्याला इंजिनाच्या आवाजावरून बिघाड कळतो. पण बँकेत कर्ज मागायला गेला किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारायला गेला की पहिला प्रश्न येतो, ‘सर्टिफिकेट?’ त्याच्याकडे नसते. त्याच्या उस्तादाकडेही नव्हते. सांगायलाही आई नाही.

अशा वेळी ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ हे वाक्य फेकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी सच्चर समितीचा २००६ सालचा अहवाल उघडून पाहावा. मुसलमानांची सगळी मुले मदरशात जातात हा समज त्या अहवालाने खोटा ठरवला, तो आकडा चार टक्क्यांच्या आसपासच निघाला. मुसलमान कामगारांत स्वतःच्या हुनरावर, छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक, आणि पगाराच्या कायम नोकरीत त्यांची संख्या कमी, हेही तिथेच नोंदले आहे. म्हणजे हा समाज शिकतो आहेच, पण जिथे शिकतो ती जागा सरकारच्या दृष्टीने शाळा नाही.

गंमत अशी, की ती जागा शाळा ठरावी म्हणून पहिली मोठी खटपट आमच्याच जिल्ह्यात झाली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि हाताचे काम हे त्या शिक्षणाचे केंद्र, अशी ती कल्पना. आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. ते तेव्हा जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते, म्हणजे उर्दूत ‘शेखुल जामिया’. डिसेंबरात अहवाल आला, १९३८ मध्ये सेवाग्रामात हिंदुस्थानी तालिमी संघ उभा राहिला. पुढे हेच झाकिरसाहेब राष्ट्रपती झाले.

बी.एड.ला आम्ही हे सारे पाठ केले. ‘वर्धा योजनेची वैशिष्ट्ये सांगा’ हा हमखास येणारा प्रश्न. वैशिष्ट्ये लिहिली, गुण मिळाले, योजना पेपरातच राहिली. पेपरात कधी न विचारली गेलेली एक गोष्ट मात्र आम्हाला आज सर्वांत मोलाची वाटते. मुलांच्या हातकामातून शाळेचा खर्च भागावा, या आग्रहाबद्दल झाकिरसाहेबांनी त्याच परिषदेत सावध केले होते. असे झाले तर शिक्षक हे गुलाम राबवणारे मुकादम होतील आणि गरिबाच्या पोरांचे श्रम लुटले जातील, असा त्यांचा इशारा होता. गांधीजींसमोर हे बोलायला हिंमत लागते. हाताने शिकवा, पण हाताची लूट करू नका, हा त्याचा अर्थ. गॅरेजमध्ये ‘शिकतोय ना’ म्हणून चार-चार वर्षे फुकट राबवणाऱ्या आमच्या बिरादरीतल्या उस्तादांनी तो ऐकावा. उस्ताद-शागिर्द परंपरेचे गोडवे गाणाऱ्या आमच्या शायरमंडळींनीही ऐकावा. ती परंपरा थोर आहे, पण तिच्या नावावर मजुरी बुडवण्याचा परवाना मिळत नाही.

तेव्हा काय झाले? मध्य प्रांतात त्याच सुमारास रविशंकर शुक्ल यांची ‘विद्यामंदिर’ योजना आली आणि सगळा वाद नावातल्या ‘मंदिर’ या शब्दावर पेटला. मुस्लिम लीगने आक्षेप घेतला, मुसलमानांची मने दुखावली. ज्यांना ती मने सांभाळून नाव सहज बदलता आले असते, त्यांना तेही जमले नाही. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी पाटीवर भांडण केले. पाटीखाली बसून काय शिकायचे, हे भांडणात विसरले गेले. आम्ही कोणा एकाला दोष देत नाही. दोघांनाही देतो. त्या भांडणाची किंमत पुढाऱ्यांच्या मुलांनी मोजली नाही, ती लोहार, पिंजारी, अत्तार, मोमीन यांच्या मुलांनी मोजली. सेवाग्रामच्या आवारात ‘आनंद निकेतन’ शाळा आजही शेती-सूत-स्वयंपाकातून शिकवते आहे, तिला सलाम. पण एका शाळेच्या कुंपणाने जिल्ह्याचा प्रश्न सुटत नाही.

कायदे नाहीत असे नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. २०१९ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. आमच्या मोहल्ल्यातले गॅरेज म्हणजे एक उस्ताद आणि दोन पोरे. ते या कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच. २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली, ती कल्पना अगदी बरोबर आहे. पण तिची माहिती, अर्ज, संगणक आणि भाषा या चार भिंती ओलांडून जाणार कोण? उर्दूत सातवी-आठवी झालेल्या मुलाला मराठीतला अर्ज वाचता येत नाही, इंग्रजीतला तर नाहीच. ‘पात्रता’ या शब्दाशी त्याचे घोडे अडते. आम्ही उर्दू शिकवतो आणि हा लेख मराठीत लिहितो आहोत. आमच्या मुलांना मराठी नीट न शिकवणे म्हणजे त्यांना पावणेपाचपर्यंत दारात उभे करणे आहे. उर्दूचे प्रेम यात आड येत नाही. आड येतो तो आळस, आमच्या शाळांचा आणि शिक्षण विभागाचाही.

मग आमचे म्हणणे काय? साधे आहे. हुनर हातात आहे, मग शाळा कशाला, हे म्हणणे बंद करा. निदान दहावी होईपर्यंत मुलाला बाकावरून उठवू नका, हुनर संध्याकाळी शिकवता येतो. अंजुमन आणि मशिदीच्या कमिट्यांनी जलशावरचा थोडा खर्च वळवून महिन्यातून एक दिवस गॅरेजवाल्या मुलांचे अर्ज भरून द्यावेत. उस्तादांनी शागिर्दाला पहिल्या दिवसापासून मजुरी द्यावी आणि तो काय काय शिकला याची वही ठेवावी. वहीवर उस्तादाची सही, शाळेच्या मुख्याध्यापकाची सही. सरकारी सनद मिळायची तेव्हा मिळो, ही सही आजपासून करता येते. आमच्याकडे दीनी तालमीत सनद देताना ‘मी अमुक उस्तादाकडून शिकलो’ असा सिलसिला सांगतात. मोटारीचे इंजिन खोलणाऱ्याला असा सिलसिला का नसावा? त्याचा घाम कमी पवित्र आहे काय?

आणि जे नोकरीत आहेत त्यांना. रेल्वेत, एस.टी.त, कचेरीत, जिल्हा परिषदेत आमचे किती भाऊ निवृत्तीला आले आहेत! त्यांना फर्नांडिस व्हायला चुकून आलेल्या डब्याची गरज नाही. शेवटच्या वर्षी एका मुलाला टेबलाशी बसवावे, फाईल कशी वाचतात, अर्ज कसा लिहितात, साहेबासमोर न घाबरता कसे बोलतात ते दाखवावे. निरोपसमारंभाचा नारळ आणि शाल घेऊन घरी जाणे सोपे आहे. पस्तीस वर्षे सरकारने ज्याचा पगार दिला ते ज्ञान घरी घेऊन जाण्याचा हक्क कोणालाही नाही.

चित्रपटाच्या शेवटी इला फर्नांडिसला शोधत कार्यालयात येते, तेव्हा त्याच्या टेबलाशी तिला शेख भेटतो. फर्नांडिस पुढे कुठे गेला, इलाला भेटला की नाही, यावर लोक आजही वाद घालतात. खुशाल घालोत. आमच्या दृष्टीने तो शेख त्या खुर्चीवर बसला, इथे चित्रपटाचे काम झाले. आपले काम बाकी आहे. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या गॅरेजांत हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या पोरांना किती वाजता यायला सांगायचे, तेवढे ठरवा.