हौस कोणाची, तास कोणाचे?

'हौस' हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि येथे येऊन बराच निवळला. 'हवस' या त्याच्या सख्ख्या भावंडाला हिंदी-उर्दूत वासनेचा जो काळपट रंग आहे, तो मराठी हौशीने जवळजवळ पुसून टाकला. आपल्याकडे लग्नाची हौस असते, गाण्याची हौस असते, हौशी रंगभूमी असते. जत्रेच्या गर्दीची हौशे, नवशे आणि गवशे अशी विभागणी करतानाही आपण हौशांना पहिले स्थान देतो. ज्याला नवस फेडायचा नाही आणि काही गवसावे असा ज्याचा डावही नाही, केवळ आवड म्हणून जो आला, तो हौशा. या निर्हेतुकपणामुळेच हौसेकडे सहसा कोणी हिशेब मागत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो मागू इच्छितो, आणि तोही आमच्याच हौसेकडे. ती हौस लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीची आहे, आणि हिशेबासाठी आम्ही पावसाळा निवडला आहे; कारण कोरड्या ऋतूत जे झाकून जाते ते पावसात उघडे पडते.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. 'ब्रेव्हे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रमाणपत्र. ठरावीक अंतर ठरावीक मुदतीत सायकलने पार करणाऱ्यास ते मिळते. ही स्पर्धा नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो आणि बक्षिसाची रक्कमही नसते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १२०० ला ९० तास अशी कमाल मुदत असते. खाणे, झोपणे, पंक्चर काढणे हे सारे त्याच मुदतीत बसवायचे. १९०४ साली स्थापन झालेल्या ऑडाक्स क्लब पारिसियँ या संस्थेच्या नियमांनुसार हे उपक्रम जगभर चालतात आणि पुण्या-मुंबईतही ते चांगले रुजले आहेत. या साऱ्यांचे तीर्थक्षेत्र म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची फेरी. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली, १९३१ पासून हौशांची फेरी व्यावसायिकांहून वेगळी झाली, आणि आता दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये होणारी ही फेरी केवळ हौशांचीच उरली आहे.

या नियमावलीचा गाभा आहे स्वावलंबन. स्वाराबरोबर मदतीची गाडी चालत नाही. वाटेतल्या नियंत्रण-केंद्रांवर काय साहाय्य मिळेल तेवढेच. दोन केंद्रांच्या मधे आपला पंप, आपली ट्यूब, आपले पाणी आणि आपली अक्कल. हा नियम आम्हांला प्रिय आहे. उपभोगाच्या सगळ्या सोयी हाताशी असताना माणसाने स्वतःला काही तास त्यांच्याविना ठेवावे, यात एक नैतिक सौंदर्य आहे असेच आम्ही मानतो.

परंतु या नियमाची नजर रस्त्यापुरतीच आहे. घराच्या उंबरठ्याच्या आत काय चालते ते तिला दिसत नाही. २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही फेऱ्या एका हंगामात पूर्ण करणाऱ्यास 'सुपर रँदॉनर' म्हणतात. या चार फेऱ्यांच्या मुदतींची बेरीज साडेशंभर तास होते. हे झाले केवळ कार्डावरचे तास. सरावाच्या रविवार-पहाटा, फेरीच्या आदल्या रात्री लवकर अंथरूण धरणे, दुसऱ्या दिवशीचा शिणवटा आणि त्यातून येणारे घुमेपण हे त्या बेरजेत नाही. ज्या घरात लहान मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस आहे, तेथे हे तास रिकामे पडलेले नसतात. स्वार बाहेर असताना मुलाचा ताप कोणीतरी पाहत असते, औषधाची वेळ कोणीतरी सांभाळत असते, कुकरच्या शिट्ट्या कोणीतरी मोजत असते. रस्त्यावर ज्याला आम्ही स्वावलंबन म्हणतो, ते घरातल्या एका फार मोठ्या आणि बिनबोभाट परावलंबनावर उभे असते.

आता पाऊस. सह्याद्रीचा पाऊस म्हणजे काय ते अंकांतच पाहावे. पुण्यात वर्षाकाठी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सुमारे १२० किलोमीटरवरच्या महाबळेश्वरात तो साडेपाच हजारांच्या वर जातो. म्हणजे एकाच दिवसाच्या सायकलस्वारीत माणूस दोन वेगळ्या हवामानांतून जातो. पहाटे भुरभुर असताना निघालेला स्वार दुपारी ताम्हिणीत किंवा पसरणीच्या घाटात अशा सरींत सापडतो की पुढचे वळण दिसू नये. रिम ओले झाले की ब्रेक उशिरा धरतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे साबणासारखे होतात. खड्डा आणि डबके यांतला भेद पाण्याखाली नाहीसा होतो. साखळीवरचे तेल धुऊन जाते व त्या जागी रेतीचा लेप बसतो. घाटात दरड कोसळली तर रस्ताच बंद. असे सगळे असले तरी पाऊस लागला म्हणून मुदत वाढत नाही. २००७ सालची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस फेरी पाऊस आणि उलट्या वाऱ्यासाठी आजही आठवली जाते. त्या वर्षी अर्ध्या वाटेवर थांबलेल्यांची संख्या नेहमीपेक्षा कितीतरी अधिक होती.

पण पाऊस रस्त्यावरच पडत नाही, स्वाराबरोबर तो घरातही येतो. चिखलाने भरलेली सायकल सदनिकेच्या दोन हात रुंद बाल्कनीत उभी राहते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे लागतात. आधीच न वाळणाऱ्या कपड्यांच्या दोरीवर आणखी एक ओझे चढते आणि मुलांचे शाळेचे गणवेश बाजूला सरकतात. फरशीवर साखळीच्या काळ्या तेलाचे ठसे उमटतात. याहूनही मोठी गोष्ट म्हणजे काळजी. उन्हाळ्यात तासभर उशीर झाला तर तो उशीरच असतो. जुलैच्या रात्री, दूरध्वनी लागत नसताना, तोच तास घरी बसलेल्याला खाऊ लागतो. नियंत्रण-केंद्रावर शिक्का मिळाला की स्वार निश्चिंत होतो. घरच्या माणसाला असा कोणताही शिक्का मिळत नाही.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि ते पोकळ नाही. हौस माणसाला ताजे ठेवते. दिवसभर कार्यालयात पिचलेला माणूस दोन घाट चढून आला की घरात अधिक बरा वागतो. आणि संसारी माणसाचाही स्वतःच्या काही तासांवर हक्क असतोच. हे सारे मान्य. आमची हरकत एवढीच की हा हक्क घरात एकालाच असून चालत नाही. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही ब्रेव्हेच्या प्रारंभस्थानी पहाटे उभे राहून पाहावे. स्त्रिया असतात, पण थोड्या. रात्रीच्या रस्त्याचे भय हे त्याचे एक कारण आहेच. मात्र ते एकटेच कारण असते तर दिवसाउजेडी होणाऱ्या सरावात तरी संख्या समसमान दिसली असती. तशी ती दिसत नाही, कारण रविवारची पहाट पुरुषाला रिकामी सापडते आणि स्त्रीला ती रिकामी करून घ्यावी लागते. दमछाकीचा, चिवटपणाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. प्रश्न वेळेच्या मालकीचा आहे.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय आणण्याचे कारणही येथेच आहे. या छंदाने एक लेखनप्रकार जन्माला घातला आहे: सायकलफेरीचा वृत्तांत. त्याचा साचा आता पक्का झाला आहे. पहाटेचा अंधार, पहिला घाट, वाटेतला चहा, मध्यरात्रीची ग्लानी, कोसळता पाऊस, 'आता सोडून द्यावे' असा क्षण, त्यावर मात आणि शेवटचा शिक्का. घर या वृत्तांतात दोनदा येते. आरंभी 'घरच्यांच्या परवानगीने' आणि अखेरीस 'घरच्यांच्या पाठिंब्याशिवाय हे शक्य नव्हते' असे एक वाक्य. मधल्या चाळीस तासांत घरी काय झाले याला कथनात जागा नाही. ज्या संहितेत एका पात्राचे श्रम आभारप्रदर्शनाच्या एका वाक्यात आटोपले जातात, ती संहिता आपण वर्गात कशी वाचली असती? ज्या कसोट्या आपण कादंबरीला लावतो त्या या साध्या वृत्तांतालाही लावून पाहाव्यात, असे आम्ही सुचवू.

मराठी प्रवासलेखनाची परंपरा याबाबतीत अधिक प्रामाणिक आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या धुमाळीचे प्रत्यक्षदर्शी कथन म्हणून आपण तो वाचतो. पण वरसईहून निघालेला हा भिक्षुक कुटुंबाच्या कर्जापायी निघालेला होता. वाटेत लुटालूट सोसून अखेर तो घरी परतला तो आईवडिलांसाठी गंगोदक घेऊन. त्या प्रवासाला घराचे कारण आहे आणि घराचाच शेवट आहे. झाशीच्या रणधुमाळीतही वाचकाला वरसईचा विसर पडत नाही.

दुसरे उदाहरण वारीचे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर, म्हणजे एका ब्रेव्हेहून थोडे अधिक. ते पायी, ऐन आषाढात, पावसात भिजत सुमारे तीन आठवड्यांत कापले जाते. मृगाच्या पेरण्या उरकून शेतकरी वाटेला लागतो, म्हणजे पावसाचे आणि प्रपंचाचे वेळापत्रक आधी पाहिले जाते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया दिंडीतून चालत असतात. वारकऱ्याच्या बोलण्यातला एक प्रयोग आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो: 'आमच्या घरात वारी आहे.' वारी माणसाची नसते, घराची असते. एकाला जमले नाही तर घरातला दुसरा जातो, बापानंतर लेक जातो. मागे राहणाऱ्याचाही त्या वारीत वाटा धरलेला असतो. ब्रेव्हेच्या कार्डावर मात्र एकच नाव असते. भक्ती आणि छंद यांची बरोबरी आम्ही करीत नाही. वारीतही मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला कष्ट येतातच. तथापि संसार सांभाळून परमार्थ करावा असे शिकवणाऱ्या आणि एकनाथांसारखा गृहस्थाश्रमी संत लाभलेल्या या परंपरेपुढे 'छंद की कुटुंब' हा प्रश्न फार उथळ ठरतो, हे ध्यानात घ्यायला हवे.

मग करावे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे. पावसाळ्याचे चार महिने लांब पल्ला आखडता घ्यावा. ऑगस्टमध्ये फ्रान्सला जायचे असेल त्या वर्षीचा अपवाद घरात बसून, वर्षभर आधी ठरवावा. सराव दोन-तीन तासांचा आणि घाटाच्या अलीकडचा असावा. घरून निघण्यापूर्वी परतण्याची वेळ ठरते, तशी माघारी फिरण्याची अटही ठरवावी; अमुक ठिकाणी अमुक वाजेपर्यंत पोचलो नाही, किंवा घाटात दरडीची वार्ता आली, तर तेथून मागे. ही अट ठरवण्याचा अधिकार घरी राहणाऱ्या माणसाला असावा. जेवढे रविवार एकाने घेतले तेवढे दुसऱ्याला मिळावेत, मग त्याने सायकल चालवावी, पुस्तक वाचावे किंवा नुसते झोपून राहावे. ओले कपडे, चिखल आणि फरशीवरचे डाग ज्याचे त्याने आवरावे. या शेवटच्या कलमाला आम्ही विशेष महत्त्व देतो, कारण स्वावलंबनाची खरी परीक्षा सायकलवरून उतरल्यावर सुरू होते.

याहून कठीण गोष्ट मनाची आहे. मुदतीत न पोचलेल्या किंवा अर्ध्या वाटेवर थांबलेल्या स्वाराच्या नावापुढे यादीत 'अपूर्ण' असा शेरा येतो, आणि त्या शेऱ्याची लाज माणसाला पुढे ढकलत राहते. घाटात धुके दाटलेले असताना, घरी दिलेला शब्द आठवून जो वळतो, त्याने काय अपूर्ण ठेवले? १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेस निघाले. १९२८ साली अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पूर्ण केली. सहांपैकी एक जण तेहरानहूनच घरी परतला होता. पराक्रमाच्या इतिहासात त्या तिघांना मान मिळाला तो योग्यच. पण परतणाऱ्याची गोष्ट आपल्याला कधी ऐकाविशीही वाटली नाही, यावरून आपल्या कथनाच्या सवयी कळतात.

हौस सोडावी असे आम्ही म्हणत नाही. येता हिवाळा उजाडला की आम्हीही पहाटे रस्त्यावर असूच. मात्र पुढच्या वेळी कोणी आपल्या सहाशे किलोमीटरचा वृत्तांत हाती दिला, तर शिक्क्यांच्या वेळा वाचून झाल्यावर त्याला विचारावे की त्या चाळीस तासांत घरी कोण होते, त्याने काय केले आणि पाऊस घरीही पडत होता का. ही उत्तरे ज्या वृत्तांतात असतील तो आम्ही आनंदाने वाचू, आणि आमच्या वर्गातही लावू.