सामूचा हिशेब

बारावीच्या रसायनशास्त्रात बफर द्रावणाचे गणित आले की आपल्याकडची पुष्कळ मुले वही मिटतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले पोर अकरावीत एकदम इंग्रजीत जाऊन पडते. ऐपत असलेले निलंग्याहून लातूरला क्लास लावतात, बाकीचे ते गणित ‘ऑप्शनला’ टाकतात. टाकू नये. मी बी.कॉम. झालेला कारकून, पण यात आहे तो निव्वळ जमाखर्चच.

इंग्रजीतला पीएच म्हणजे दहावीत शिकलेला सामू. शेतकऱ्याच्या माती परीक्षणाच्या कागदावरही तोच असतो. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. बफर द्रावणात सौम्य आम्ल व त्याचाच क्षार एकत्र असतात, म्हणून बाहेरून थोडे आम्ल पडले तरी सामू फारसा हलत नाही. सूत्र असे: सामू बरोबर पीकेए अधिक लॉग (क्षार भागिले आम्ल).

लिटरभर द्रावणात ॲसेटिक आम्ल ०.१ मोल आणि सोडियम ॲसिटेट ०.१ मोल घ्या. पीकेए ४.७४. भागाकार १, त्याचा लॉग शून्य, म्हणून सामू ४.७४. आता ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. मुले अडतात ती इथेच. क्षाराच्या खात्यातून ०.०१ खर्ची पडले, तेवढेच ॲसेटिक आम्लाच्या खात्यात जमा झाले. क्षार ०.०९, आम्ल ०.११. ताळा पाहा, बेरीज आधीही ०.२ होती, आताही ०.२ आहे.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. एकापेक्षा लहान संख्येचा लॉग पाहताना घोटाळा होतो, म्हणून भागाकार उलटा करावा. ०.११ भागिले ०.०९ म्हणजे १.२२२, त्याचा लॉग ०.०८७, तो वजा करावा. सामू आला ४.६५. तेवढेच आम्ल लिटरभर साध्या पाण्यात टाकले असते, तर सामू ७ वरून थेट २ वर घसरला असता!

आपले रक्तही याच हिशेबाने चालते. त्यात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण २० ला १ असते. पीकेए ६.१, वीसचा लॉग १.३, सामू ७.४. जुलाबात बायकार्बोनेट शरीराबाहेर जाते, म्हणून ओआरएसच्या पुडीत मीठ-साखरेबरोबर सायट्रेटही घातलेले असते. प्रमाण १० ला १ वर आले तर सामू ७.१ होतो, आणि रोगी अत्यवस्थ असतो.