यकृताला वळसा घालणारे रक्त

आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. डॉक्टर जिला पोर्टल व्हेन म्हणतात त्या शिरेने ते प्रथम यकृतात येते, तेथे अमोनियासारखी विषे निष्प्रभ होतात, आणि मगच ते पुढे जाते. काही थोड्या बालकांत मात्र जन्मतःच हे रक्त यकृताला वगळून महाशिरेला मिळते आणि जकातनाका चुकवून शहरात शिरलेल्या मालाप्रमाणे विषे मेंदूपर्यंत विनातपासणी पोहोचतात. लंडनचे शल्यवैद्य जॉन ॲबरनेथी यांनी १७९३ साली या विकृतीचे वर्णन केले, ते दहा महिन्यांच्या मृत बालिकेच्या विच्छेदनावरून. त्यांना मृत्यूनंतर जे दिसले, ते आज जिवंत बालकात कलर डॉप्लर सोनोग्राफीने दिसू शकते आणि सीटी अँजिओग्राफीने त्याचा संपूर्ण नकाशा हाती येतो.

इतक्या दुर्मीळ विकाराची चिंता रायगडच्या महाड-पोलादपूरने का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा विकार स्वतःच्या नावाने क्वचितच समोर येतो: वर्गात गुंगलेले मूल मंदबुद्धीचे ठरते, धाप लागणाऱ्यास दम्याचे औषध मिळते, आणि यकृतात गाठी दिसल्या की कर्करोगाच्या भयाने घर हादरते. रक्ताच्या या आडवाटांपैकी यकृताच्या आतील काही लहान वाटा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप मिटतात. उरलेल्या बहुधा कॅथेटरने वा शस्त्रक्रियेने बंद करता येतात. परंतु या विकारात वाढू शकणारा फुप्फुसांतील रक्तदाब एकदा विकोपाला गेला, की तो पूर्ववत होईलच याची शाश्वती नसते.

२०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे, आणि जन्मजात व्यंगे हुडकणे हा त्याचा घोषित हेतूच आहे. ज्या मुलाच्या निळसर ओठांचे कारण हृदयात सापडत नाही, किंवा ज्याच्या गुंगीचा उलगडा होत नाही, त्याच्या शिफारसपत्रावर रक्तातील अमोनिया व पोर्टल व्हेनचे डॉप्लर या दोन तपासण्या स्पष्ट लिहाव्यात, आणि निघालेली चित्रे मुंबईच्या बालरोग-तज्ज्ञांकडे आगाऊ पाठवावीत. सह्याद्रीच्या कुशीतील वाडीवरून मुंबई गाठणे म्हणजे मजुराच्या रोजंदारीवर पाणी सोडणे होय. ती खेप निष्फळ न होऊ देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. रायगडच्या आरोग्य प्रशासनाने एवढी तजवीज विनाविलंब करावी.