आमचे दावे तपासता, मग टाटांचा करार कोण तपासणार?



वनहक्काचा दावा भरताना किती कागद मागतात ते आपल्या वाडीवस्तीवर सगळ्यांना ठाऊक आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत होता, हे दाखवा. दंडाची पावती दाखवा. जातीचा दाखला आणा. म्हाताऱ्या माणसाचा जबाब कायद्याने पुरावा म्हणून धरला आहे, तरी साहेब म्हणतो, तो नको, सरकारी कागद आणा. एक-दोन एकराच्या तुकड्यासाठी आधी ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. तीन चाळण्या. ठीक आहे, चाळा. आमचा दावा खरा आहे, आम्ही तपासणीला भीत नाही.

पण मग आमचाही एक प्रश्न ऐका. याच पुणे जिल्ह्यात घाटमाथ्यावरची खोरीच्या खोरी शंभर वर्षांपूर्वी एका कंपनीच्या हवाली झाली. तो व्यवहार कोणत्या ग्रामसभेने तपासला? कोणत्या समितीने चाळला?

इंग्रज सरकारने 1907, 1919 आणि 1921 साली जलविजेचे परवाने दिले. त्यांवर टाटांची वीज उभी राहिली. लोणावळा, वळवण, शिरोता, ठोकळवाडी, मुळशी अशी धरणं झाली. खोपोलीचं वीजघर 1915 ला सुरू झालं, भिवपुरीचं 1922 ला, भिऱ्याचं 1927 ला. मुळशीच्या धरणाने बावन्न गावं बुडवली. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात होते, तुरुंगात गेले. बायामाणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली. तरी 1894 च्या भूसंपादन कायद्याने सरकारने लोकांची जमीन घेतली आणि कंपनीला दिली. तो 1894 चा कायदा 2013 साली संसदेने मोडीत काढला. नव्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के जमीनवाल्यांची संमती लागते. म्हणजे कायदा चुकीचा होता हे सरकारने कबूल केलं. पण त्या कायद्याने जे घेतलं त्याचा हिशोब मात्र कोणी काढत नाही.

आता कोणी म्हणेल, ही मुळशी-मावळची गोष्ट, तिचा शिरूर-दौंडला काय संबंध? संबंध नदीचा आहे. मुळशीच्या धरणात मुळा अडते. लोणावळ्याच्या बाजूच्या धरणांत इंद्रायणीचं आणि तिला मिळणाऱ्या आंद्रेचं पाणी अडतं. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. तीच भीमा पुढे दौंडवरून उजनीला जाते. हे पाणी उताराने पूर्वेला, आपल्याकडे यायचं. ते अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडलं जातं, सुमारे पाचशे मीटर खाली. वीज होते आणि पाणी पाताळगंगा, उल्हास, कुंडलिका या नद्यांना जातं. आपल्या भीमेला ते परत मिळत नाही.

किती पाणी? कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, टाटांच्या धरणांसाठी मर्यादा घातली आहे: एका वर्षात जास्तीत जास्त 54.5 टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून 212 टीएमसी. म्हणजे वर्षाला सरासरी बेचाळीस टीएमसीच्या वर. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. आंबेगावच्या लोकांना हे लवकर समजेल. तुमचं अख्खं डिंभे धरण साडेतेरा टीएमसीचं आहे. अशी तीन डिंभे भरतील एवढं पाणी दरवर्षी खोऱ्याबाहेर नेता येतं.

अधिकारी सांगतात, लवादाने दिलंय, आता काही करता येत नाही. साथींनो, इथे नीट लक्ष द्या. लवादाने सांगितलंय, याहून जास्त नेऊ नका. इतकं न्यायलाच पाहिजे, असं लवादाने कुठेही म्हटलेलं नाही. ती वरची हद्द आहे. कमी नेलं तर लवाद मोडत नाही. 2012-13 च्या दुष्काळात, शिरूर-दौंडच्या गावांना टँकरचं पाणी होतं. त्या साली किती पाणी घाटाखाली सोडायचं, हे ठरवताना भीमाकाठच्या कोणाला विचारलं?

दुसरी थाप अशी, की करार एकदा झाला की झाला. मग एन्रॉनचं काय झालं? दाभोळचा करार 1993 साली वीस वर्षांसाठी झाला होता. लोक ओरडत होते तेव्हा हेच ऐकवलं, करार पवित्र असतो. पुढे वीज मंडळ बुडायला लागलं, तेव्हा 2001 साली राज्य सरकारने माधव गोडबोले यांची समिती नेमली, करार उघडला, अहवाल छापला. पैसा बुडाला की करार तपासता येतो. मग माणसं आणि जमीन बुडाली तर का नाही?

तिसरी थाप, मुंबई अंधारात जाईल. ही वीजघरं मिळून साडेचारशे मेगावॅटच्या आसपासची आहेत. त्यांची वीज स्वस्त आहे, गरज पडली की झटक्यात सुरू करता येते, हे आम्ही नाकारत नाही. म्हणूनच तर तपासणी हवी. ही वीज स्वस्त का आहे? पाण्याचा आणि बुडालेल्या जमिनीचा खरा दाम त्यात धरलेलाच नाही, म्हणून. विजेचा दर वाढला तर मुंबईचा ग्राहक वीज नियामक आयोगापुढे उभा राहून हरकत घेतो. त्याची सुनावणी होते. चांगलं आहे. पण ज्याचं पाणी जातं त्याची सुनावणी कोणत्याच आयोगापुढे होत नाही.

आम्ही असं म्हणत नाही, की उद्याच पाणी वळवा. घाटाखाली रायगडात आपले कातकरी भाऊबंद आहेत, तिकडची गावं याच पाण्यावर जगतात. त्यांच्या तोंडचं काढून आपल्या तोंडात नको. आणि भीमेला पाणी आलं तरी ते कोणाला मिळणार, हेही विचारलं पाहिजे. नदीकाठी मोटारी कोणाच्या आहेत? ऊस कोणाचा आहे? डिंभे, चासकमानमधून उठवलेल्यांना शिरूरला जमिनी दाखवल्या. भिल्ल, ठाकर, फासेपारधी यांच्या वस्त्या गायरानावर, तिथे टँकर यायला सुद्धा भांडावं लागतं. बागायतदाराच्या मोटारीला पाणी आणि आपल्या हंड्याला नाही, असला वाटा आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमची मागणी एकच आहे. या व्यवहाराची स्वतंत्र तपासणी करा, आणि ती लोकांसमोर करा. ती अशी:

1. समितीत कंपनीचा किंवा ऊर्जा खात्याचा माणूस नको. निवृत्त न्यायाधीश, पाण्याचे आणि विजेचे जाणकार, आणि ग्रामसभांनी निवडलेले लोक हवेत. त्यात निम्म्या बाया.

2. परवाने, जमिनीचे कागद, पाणी सोडल्याचा दर महिन्याचा हिशोब, वीजखरेदीचे करार हे सगळं मराठीत, सुनावणीच्या एक महिना आधी ग्रामपंचायतीत लावा.

3. सुनावणी मुळशी, मावळ, शिरूर, दौंड आणि रायगडात घ्या. पेरणी-काढणीच्या दिवसांत नको. वस्तीवरच्या माणसाचं तोंडी म्हणणं लिहून घ्या.

4. दुष्काळी साली आधी माणसं आणि गुरं, मग वीज, असा लेखी नियम करा.

5. धरणांच्या काठी आजही हक्काच्या कागदाविना राहणाऱ्यांचा प्रश्न याच तपासणीत घ्या.

हे होणार नाही असं कोणी म्हणालं तर त्याला नियमगिरी सांगा. ओडिशात डोंगरिया कोंध आदिवासींच्या डोंगरावर कंपनीला बॉक्साइटची खाण हवी होती. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2013 मध्ये सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं.

 मुंबईत वीज पुरवण्याचा टाटांचा जुना परवाना 15 ऑगस्ट 2014 ला संपला. यापुढे कधीही परवाना देताना वीज कुठून येते आणि कोणाच्या पाण्यावर येते, हा प्रश्न टेबलावर आलाच पाहिजे. तेव्हा 26 जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने हा ठराव घ्यावा:

"टाटा जलविद्युत धरणांचे परवाने, पाणी आणि जमीन यांची स्वतंत्र व जाहीर तपासणी झाल्याशिवाय कोणतीही मुदतवाढ किंवा नवा करार करू नये, अशी ही ग्रामसभा शासनाकडे मागणी करते."

ठरावावर सह्या आणि अंगठे घ्या. बायांची सभा आदल्या दिवशी घ्या. ग्रामसेवकाकडून शिक्क्याची नक्कल घेतल्याशिवाय उठू नका. एक नक्कल तहसीलला द्या आणि पोच घ्या, एक आपल्या संघटनेकडे पाठवा.

आमच्या दोन एकराला तीन चाळण्या लावता. मग बावन्न गावं बुडवणाऱ्या कागदाला एक तरी लावा!

जल, जंगल, जमीन, आमच्या हक्काची!
जिंदाबाद!